घराला माया ठेवावी



मी कापडाचा व्यापारी; स्थापत्यशास्त्राचा अभ्यासक नव्हे. तथापि आमच्या व्यवसायातील एका शब्दाच्या आधारे विषय मांडतो. जाणता शिंपी मुलाचा सदरा शिवताना शिवणीत थोडे अधिक कापड राखतो. त्यास ‘माया’ म्हणतात. मूल वाढले की शिवण उसवून माया सोडावी. सदरा तोच, माप नवे. घरासही अशी माया असावी काय?

आपल्या पूर्वजांच्या वाड्यांत ती होती. वाड्याचा भार मुख्यतः लाकडी खांब व तुळया यांच्या सांगाड्यावर असे. दोन खांबांमधील जागेस ‘खण’ म्हणत. त्यामुळे आतील पडदी घालता वा काढता येई. भावांच्या वाटण्या खणांप्रमाणे होत, रस्त्याकडील भागात दुकान निघे. चौक मात्र सर्वांचा राही.

हाच विचार चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईतील बेलापूर येथे नव्याने मांडला. १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी त्यांनी सुमारे साडेपाचशे घरांची वसाहत उभारली. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. म्हणून शेजाऱ्यास धक्का न लावता प्रत्येकास घर वाढविता यावे. सात घरांमध्ये एक चौक, आणि अशा तीन समूहांमध्ये एक मोठे अंगण.

पुढे अनेक कुटुंबांनी खोल्या वाढविल्या. अनेकांनी तर मूळ कौलारू घर पाडून काँक्रीटचे मजले चढविले. मूळ रचना हरवली, अशी हळहळ काही जण व्यक्त करतात. मला तसे वाटत नाही. घरे बदलली, परंतु चौक टिकले. हिशेबाच्या वहीत आपण इमारतीवर दरवर्षी घसारा धरतो, जमिनीवर धरत नाही. कोरियांनी स्थायी काय आणि झिजणारे काय, याची विभागणी अशीच आधी केली होती. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही त्रयी आपल्या समाजास नवी नाही. घर बांधताना मात्र तिचे विस्मरण होते.

आज जुन्या पेठांतील घरे पुनर्विकासास जात आहेत. सर्व भिंती काँक्रीटमध्येच ओतण्याची पद्धत रूढ होत आहे. काम जलद होते हे खरे. परंतु भार वाहणारी अशी भिंत पुढे काढता येत नाही. मुलाचे लग्न होईल, आई-वडिलांना जिना चढवेनासा होईल, तेव्हा घर हलणार नाही. माणसांनाच घर सोडावे लागेल.

म्हणून आराखड्यावर स्वाक्षरी करण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. कोणत्या भिंती पुढे काढता येतील? नळ व सांडपाण्याच्या वाहिन्या तोडफोड न करता बदलता येतील काय? आणि सर्वांनी एकत्र बसावे अशी जागा करारात स्पष्ट लिहिली आहे काय? पहिल्या दोहोंची उत्तरे अभियंता देईल. तिसऱ्यासाठी आपणच आग्रह धरला पाहिजे. कारण विकण्याजोगे क्षेत्रफळ वाढविताना प्रथम चौकच जातो, आणि एकदा गेलेला चौक परत मिळत नाही.