डोळ्यांवरची पेटी
(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



पूर्वी जत्रेत बायस्कोपवाला येई. तुमच्यातल्या थोरांना त्याची पेटी आठवत असेल. पैसे द्यायचे आणि भोकाला डोळा लावायचा. आत कधी ताजमहाल दिसे, कधी मुंबईचा समुद्र. बाहेर ढोल वाजत असे, पण पाहणाऱ्याला त्याचे भान नसे.

आता तसलीच एक पेटी आपल्या शाळेत येऊ घातली आहे. एका संस्थेने शाळेला चार चष्मे देऊ केले आहेत. त्यांना व्हीआर चष्मे म्हणतात. ते घ्यावेत की नाही, हे शाळा व्यवस्थापन समितीने ठरवायचे आहे. गावात दोन तट पडले आहेत. कोणी म्हणतं, "आता मास्तर कशाला हवेत?" कोणी म्हणतं, "हे पोरांचे डोळे घालवणार." आम्हाला वाटते, दोघांनीही आधी ही वस्तू समजून घ्यावी.

एक करून पाहा. नाकासमोर वीतभर अंतरावर बोट धरा. आधी डावा डोळा मिटा. मग तो उघडा आणि उजवा मिटा. बोट जागचं हललं असं वाटतं ना? बोट हललेले नाही. आपले दोन डोळे दोन जागी आहेत. म्हणून प्रत्येकाला थोडे निराळे दिसते. मेंदू त्या दोन चित्रांचे एक चित्र करतो. त्यावरून जवळ काय आणि दूर काय, ते कळते. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली हे दाखवून दिले. त्यांनी दोन डोळ्यांपुढे दोन सपाट चित्रे ठेवली. पाहणाऱ्याला वस्तू जणू समोर उभी दिसली.

आजचा चष्मा हेच करतो. आत मोबाइलसारखा पडदा असतो. त्याच्यापुढे दोन भिंगे असतात. मान कुठे वळली हे ओळखणारा एक बारीक भागही असतो. मान वळली की चित्र वळते. वर पाहिले की आभाळ, खाली पाहिले की जमीन. म्हणून आपण तिथेच उभे आहोत असे वाटते. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली असे यंत्र केले होते. त्याचा एक भाग छताला टांगलेला असे. पुढे २०१४ साली गूगल कंपनीने पुठ्ठ्याची पेटी काढली. तिच्यात मोबाइल ठेवला की काम भागे.

मग याचा शाळेत उपयोग काय? आमचेच उदाहरण घ्या. आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर हृदयाचे चित्र काढले. चार कप्पे काढायचे. शुद्ध रक्ताला लाल खडू, अशुद्ध रक्ताला निळा खडू. मुले चित्र उतरवून घेत. एकदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, माझं निळं रक्त कुठं आहे? खरचटलं की लालच येतं." आम्ही चाट पडलो. आमच्या खडूने त्याची फसगत केली होती!

चष्मा लावला तर तो मुलगा जणू हृदयाच्या आत उभा राहील. झडपा उघडताना आणि मिटताना पाहील. हे आमच्या खडूला जमत नाही. पण चष्म्यातले हृदयही कोणीतरी काढलेले चित्रच आहे. तिथेही एका बाजूचे रक्त निळे रंगवलेले असू शकते. "बाळा, हा रंग ओळखण्यापुरता. रक्त लालच असतं," हे सांगायला कोण लागेल? मास्तरच लागेल. पेटी दाखवते. शिकवावे लागते माणसाने.

आता आमची एक चूक सांगतो. लपवण्यात अर्थ नाही.

आम्ही मुख्याध्यापक असताना शाळेला रंगीत टी.व्ही. मिळाला. गावाने नारळ फोडला, हार घातला. आम्ही जडवस्तू नोंदवहीत नोंद केली आणि टी.व्ही. कपाटात ठेवला. चावी आमच्या खिशात. मोडला तर भरपाई कोण देणार, हीच धास्ती. मुले विचारीत, "गुरुजी, टी.व्ही. कधी?" आम्ही म्हणू, "पुढच्या आठवड्यात." तो आठवडा उजाडलाच नाही. साहेब तपासणीला आले की तेवढा टी.व्ही. बाहेर निघे. शेवटी उंदरांनी वायर कुरतडली. नोंदवहीत मात्र 'सुस्थितीत' असेच लिहिलेले राहिले.

रोज विचारणारी एक मुलगी होती. पुढे तिची शाळा सुटली, ती खुरपणीला जाऊ लागली. टी.व्ही.मुळे ती टिकली असती असे आम्ही म्हणत नाही. पण तिचे विचारणे आमच्या कानात राहिले. आज त्या बाई याच वर्गात बसून अक्षरे गिरवतात. त्यांचा मुलगा आपल्या शाळेत सहावीत आहे.

म्हणून चष्म्यांना आमचा विरोध नाही. कपाटाला विरोध आहे. चष्मे घेण्याआधी समितीने चार गोष्टी विचारून घ्याव्यात.

पहिली गोष्ट वेळेची. वर्गात ३२ मुले आहेत, चष्मे ४. एका मुलाला ५ मिनिटे दिली, तर ८ पाळ्या होतात. म्हणजे ४० मिनिटे गेली, तास संपला! बाकीची २८ मुले तेवढा वेळ काय करतील? त्यांना वाचन द्यावे, चित्र काढायला द्यावे. पाहून आलेल्याने काय पाहिले ते सांगावे. ही आखणी आधी हवी.

दुसरी गोष्ट तब्येतीची. डोळ्यांना वाटते आपण पळतो आहोत, आणि शरीर तर बसलेले असते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो, आपण जागीच आहोत. या ओढाताणीत काहींना गरगरते, मळमळते. म्हणून मुलांना बसवून दाखवावे, थोडाच वेळ दाखवावे. गरगरलं की चष्मा लगेच काढावा. फेफरे येणाऱ्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. अगदी लहान मुलांना देऊ नये. कंपन्या स्वतःच वयाची अट घालतात, ती वाचून घ्यावी. आणि प्रत्येक मुलानंतर चष्मा पुसावा. नाहीतर एकाचे डोळे आले की सगळ्या वर्गाचे येतील.

तिसरी गोष्ट पुढच्या वर्षांची. वीज कुठून? दुरुस्ती कोण करणार? धडे मराठीत आहेत का? गूगलने शाळांसाठी २०१५ साली 'एक्स्पिडिशन्स' नावाची सोय काढली. मास्तरांनी सगळ्या वर्गाला दूरची ठिकाणे दाखवावीत, अशी ती योजना होती. २०२१ साली कंपनीने ती बंद केली. पेट्या राहिल्या, आतली सोय गेली. देणाऱ्याला हे आजच विचारावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी. जे दारात आहे, ते चष्म्यातून दाखवू नये. आपला ओढा, आपली विहीर, बांधावरचे वारूळ पाहायला पाय पुरेत. रायगड पायांनी चढावा. चष्मा ठेवावा समुद्राच्या तळासाठी, ज्वालामुखीसाठी, चंद्रासाठी. जिथे आपली एस.टी. जात नाही, तिथे त्याने न्यावे.

मंडळी, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत चारांपैकी तीन सदस्य पालक असतात. निम्मे सदस्य बाया असतात. म्हणजे हा निर्णय तुमच्याच हातात आहे. आता तुम्ही वाचायला शिकलात. तेव्हा शाळेत जा आणि नोंदवही मागा. चष्म्यांपुढे 'सुस्थितीत' लिहिलं असेल, तर म्हणा, "बरं आहे. आता लावून दाखवा. आणि मागच्या महिन्यात किती मुलांनी पाहिलं, तेही सांगा."

आमच्या वेळी असे विचारणारे कोणी नव्हते. परवा वर्गात आम्ही ती जुनी नोंदवही वाचायला दिली. त्या बाईंनी एकेक अक्षर लावत वाचले, "टी.व्ही. एक. सुस्थितीत." मग त्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही मान खाली घातली.

तुमच्या मुलांच्या मास्तरांवर ती पाळी येऊ देऊ नका. आतापासूनच विचारत जा.