रुग्णाचा वाटाड्या



न्यूयॉर्कच्या हार्लेम रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगासाठी येणाऱ्या गरीब, कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांचा रोग आधीच बळावलेला असे. १९६४ ते १९८६ मधील ६०६ रुग्णांपैकी पाच वर्षांनंतर केवळ ३९ टक्के हयात होते. शल्यविशारद डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये संशयित रुग्णांसाठी वाटाडे नेमले. तपासणीची तारीख, पैशांची अडचण, कागदपत्रे, मनातील भीती, हे सारे अडथळे ते दूर करीत. मोफत तपासणीची जोड मिळून १९९५ ते २००० मधील रुग्णांत हे प्रमाण ७० टक्क्यांवर पोहोचले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानेही असेच ‘केवट’ घडविले आहेत. औषधदान थोर खरेच. परंतु रुग्णाचा हात धरून त्याला वेळेत औषधापर्यंत नेणे, हेही तितकेच थोर दान होय.