सेल्फ का फिरत नाही?



ज्या व्यासपीठावर संतवाङ्मयाची आणि अर्थकारणाची चर्चा होते, तेथे आज जुन्या मोटारीच्या सेल्फचा विषय निघालेला पाहून काहींना नवल वाटले असेल. परंतु बिघाड शोधणे ही विचाराची शिस्त आहे, आणि ती शिकवायला बंद पडलेल्या मोटारीसारखी शाळा नाही. मोटार वशिला मानीत नाही. कारण सापडल्याखेरीज ती हलत नाही.

उदाहरणाला आपल्या परिचयाची गाडी घेऊ. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इटलीच्या फियाट ११०० च्या धर्तीवर गाड्या बांधल्या आणि १९७४ पासून त्यांना पद्मिनी हे नाव दिले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरण कित्येक वर्षे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची टॅक्सी म्हणून सेवा संपली. पण हौशी मंडळींनी जपलेल्या पद्मिनी आजही रस्त्यावर दिसतात. अशी गाडी सकाळी सेल्फ घेत नाही तेव्हा काय होते? पहिला म्हणतो बॅटरी बदला, दुसरा म्हणतो सेल्फच बदला, आणि तिसरा चार माणसे बोलावून धक्का मारतो. तिघांचाही निकाल तयार असतो. चौकशी मात्र कोणीच केलेली नसते.

कामगार चळवळीत वावरणाऱ्या माणसाला ही गोष्ट खटकणारच. १९४६ साली औद्योगिक स्थायी आदेशांचा कायदा झाला, आणि कामगाराला काढून टाकण्यापूर्वी त्याच्यावरील आरोप लेखी द्यावा व त्याचे म्हणणे ऐकावे, हे तत्त्व कारखान्यांत रुजले. माझे म्हणणे इतकेच की, जो न्याय माणसाला तोच सेल्फलाही लावा. चौकशीवाचून शिक्षा नको.

चौकशी करायची तर प्रथम प्रवाहाचा रस्ता माहीत हवा. बॅटरीतून एक जाड केबल निघते, ती सोलेनॉइड नावाच्या जड स्विचमधून सेल्फच्या मोटरीपर्यंत जाते. चावी फिरविली की एका बारीक तारेतून सोलेनॉइडला हुकूम मिळतो आणि तो जाड रस्ता जोडून देतो. सेल्फमधून प्रवाह इंजिनाच्या बिडात उतरतो, तेथून अर्थिंगच्या पट्टीने गाडीच्या पत्र्यात येतो आणि पत्र्यातून बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला परत जातो. जाण्याची वाट सर्वांना दिसते. परतीची वाट पुष्कळजण विसरतात, आणि पुष्कळ वेळा चोर तेथेच बसलेला असतो.

आता पहिली साक्ष. ती घ्यायला कोणतेही हत्यार लागत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हातब्रेक ओढा, समोरचे दिवे लावा आणि चावी फिरवा. दिवे मुळातच लागत नसतील, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचे टर्मिनल सुटलेले आहे. दिवे लख्ख राहिले आणि सेल्फ मुका राहिला, तर जाड रस्ता जोडलाच जात नाही. चावीचा स्विच, बारीक तार, सोलेनॉइड आणि सेल्फचे ब्रश पाहा. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी अशक्त आहे, टर्मिनल खराब आहे किंवा सेल्फ अडकला आहे. ‘कट कट कट’ असा आवाज आला, तर सोलेनॉइड ओढला जातो, त्याबरोबर दाब कोसळतो, तो सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. हे बहुधा अशक्त बॅटरीचे वा ढिल्या जोडाचे लक्षण. आणि सेल्फ इंजिनाला जोमाने फिरवीत असूनही गाडी पेट घेत नसेल, तर त्या बिचाऱ्याला सोडा. पॉइंट, कॉइल, प्लग आणि पेट्रोल यांच्याकडे वळा.

दुसरी साक्ष व्होल्टमीटरची. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. ती पूर्ण भरलेली व स्वस्थ असली, तर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२.० दाखविले, तर ती बरीच रिकामी झाली असे समजावे. पण स्वस्थ बॅटरीचा आकडा ही अर्धीच साक्ष होय. आरामखुर्चीतला माणूस धडधाकट दिसतो. त्याच्या पाठीवर पोते दिले म्हणजे खरी ताकद कळते. म्हणून कॉइलची बारीक तार काढून इंजिन पेटणार नाही असे करा, आणि सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर दाब मोजा. आपल्या हवेत तो साधारण साडेनऊ व्होल्टच्या खाली जाऊ नये. सेल्फ दहा सेकंदांहून अधिक एका दमात मारू नये, आणि बॅटरीजवळ विडी पेटवू नये; तिच्यातून निघणारा हायड्रोजन भडकतो.

बॅटरी निर्दोष ठरली, तर रस्त्याची झडती घ्या. जर्मनीच्या ओहम ह्या शास्त्रज्ञाने १८२७ साली मांडलेला नियम येथे उपयोगी पडतो: प्रवाहाला रोधाने गुणले की वाटेत हरवलेला दाब मिळतो. दिव्याला चार-पाच अँपिअर पुरतात, सेल्फला शंभर-दीडशे लागतात. समजा, एका गंजलेल्या जोडाचा रोध ०.०२ ओहम आहे. दिव्याच्या पाच अँपिअरला तेथे ०.१ व्होल्ट हरवतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. पण सेल्फच्या १५० अँपिअरला तोच जोड ३ व्होल्ट खातो आणि ४५० वॅटची उष्णता होऊन तापतो. म्हणून ‘दिवे लागतात, म्हणजे जोड ठीक आहे’ हा युक्तिवाद टिकत नाही.

मोजण्याची रीत सोपी आहे. मीटरची एक तार बॅटरीच्या धन खुंटीवर आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवा, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. मग एक तार ऋण खुंटीवर व दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर ठेवा. येथे पाव व्होल्टच्या आसपास पुरे. आकडा मोठा आला, तर एकेक जोड ओलांडीत जा. जेथे दाब हरवतो तेथेच गुन्हेगार. मात्र प्रवाह वाहत असतानाच ही साक्ष ग्राह्य. सेल्फ मुका असेल, तर शून्य आकड्याने कोणी निर्दोष ठरत नाही.

अर्थिंगच्या पट्टीचे तर विशेष आहे. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेले असते, म्हणून त्याला पत्र्याशी जोडणारी ती पट्टी लागते. ती कुजली की प्रवाह चोरवाटेने, चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परततो. सेल्फ मारल्यावर ती केबल गरम लागली, तर निदान झालेच म्हणा. उपाय म्हणजे कानस, सँडपेपर आणि एक नवी पट्टी. तिच्यापायी चांगली बॅटरी आणि चांगला सेल्फ भंगारात जातात.

आता मुद्द्याचे. मिस्त्री हे करीत का नाहीत? पुष्कळांना येते, पण आपण त्यांना ते करू देत नाही. नव्या भागाचे हजारो रुपये आपण निमूटपणे मोजतो. परंतु तासभर तपासून त्याने दहा रुपयांचा जोड घासला आणि तासाची मजुरी मागितली, तर आपण म्हणतो, “केलेस काय एवढे?” ज्ञानाला मजुरी नाही आणि मालाला मोल आहे, असे ठरले की शहाणा कारागीरही माल विकू लागतो. त्यात त्याचे कौशल्य मरते आणि आपले पैसे जातात. पॉइंट-कॉइलच्या गाड्या ओळखणारे हात आता वृद्ध होत चालले आहेत. त्यांच्याशेजारी उभे राहून शिकणारा पोरगा टिकायचा असेल, तर त्या तासाला दाम मिळाला पाहिजे.

म्हणून माझी विनंती एवढीच. उद्या गाडी सेल्फ घेईनाशी झाली, तर मिस्त्रीला ‘काय बदलू?’ असे विचारू नका. ‘मोजून पाहिलेत का?’ असे विचारा, त्याला मोजायला वेळ द्या, आणि काही न बदलता गाडी सुरू झाली, तरी त्याची मजुरी आनंदाने त्याच्या हातावर ठेवा.