पेरॉक्साइड लागेल तिथेच बनवा



मी इचलकरंजीत प्रोसेस हाऊस चालवणारा माणूस. रसायनशास्त्राशी नातं बिल भरण्यापुरतं. तरी उन्हावर पेरॉक्साइड बनवण्याचा तुम्हा संशोधकांचा विषय मला परका नाही. ग्रे (मागावरचं कोरं) कापड पांढरं करायला आम्ही हायड्रोजन पेरॉक्साइडच वापरतो. ५० टक्क्यांचा माल कॅनमधून येतो. झाकणाला मुद्दाम हवेची वाट ठेवलेली असते, कारण आतला माल हळूहळू विघटित होऊन ऑक्सिजन सुटतो, आणि तो कोंडला तर कॅन फुगतो. हातावर थेंब उडाला की कातडी पांढरी पडून चुणचुणते. असा जहाल माल लांबून आणायचा आणि इथे पाणी ओतून पातळ करायचा, हा आमचा धंदा!

जगातलं बहुतेक पेरॉक्साइड अँथ्राक्विनोन पद्धतीनं बनतं. त्याला हायड्रोजन, पॅलॅडियम, सेंद्रिय द्रावकं, सगळा लवाजमा लागतो. तुम्ही म्हणता, पाणी, हवा आणि ऊन यांवर भागवू. टायटॅनियम डायऑक्साइड हा नेहमीचा उत्प्रेरक अतिनील किरणांवरच चालतो, आणि उन्हात ते जेमतेम ५ टक्के. म्हणून दृश्य प्रकाश पकडणाऱ्या उत्प्रेरकांचा शोध. ओसाका विद्यापीठाच्या शिराइशी आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली रिसॉर्सिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिनवर सुमारे ०.५ टक्के सौरऊर्जा पेरॉक्साइडमध्ये उतरवून दाखवली. आकडा लहान दिसतो. पण त्यात पाणी आणि ऑक्सिजनच होते. अल्कोहोल घालून मिळवलेल्या मोठ्या आकड्यांपेक्षा आम्हा व्यापाऱ्यांना हा हिशेब खरा वाटतो. अल्कोहोलचे पैसे कोण देणार?

पंचगंगा नदीत जाणाऱ्या रंगीत सांडपाण्याचं दुखणं इथे कुणाला नव्यानं सांगायला नको. पेरॉक्साइडला लोखंडाच्या क्षाराची जोड दिली की हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात आणि रंगाचे रेणू तोडतात, हे फेंटन अभिक्रिया म्हणून ओळखलं जाणारं जुनं रसायन. पण ते पेरॉक्साइड थेट सांडपाण्यातच उन्हावर बनवायचं म्हटलं, तर आमच्या सांडपाण्यात रंग इतका दाट की ऊन आत शिरत नाही. शिवाय रिअ‍ॅक्टिव्ह डाइंगला मीठ आणि सोडा अ‍ॅश लागतोच. त्यातले क्लोराइड आणि कार्बोनेट त्या मूलकांना वाटेतच गिळतात. तेव्हा माझं अडाण्याचं मत असं, की पेरॉक्साइड वेगळ्या टाकीत, स्वच्छ पाण्यात बनवावं आणि मग सांडपाण्यात सोडावं. तज्ज्ञांनी खुशाल खोडून काढावं.

एक विनंती मात्र आहे. ऊर्ध्वपातित पाण्यावरचे निकाल पुरे झाले. आमच्या डाइंगचं ताजं पाणी बाटल्यांत भरून नोंदणीच्या टेबलाजवळ ठेवलं आहे. ज्यांना हवं त्यांनी घेऊन जावं, आणि रंग गेला नाही तर तेही कळवावं.