नागझिऱ्यात ऐकलेली गोष्ट



घरबसल्या पाहण्यासारखे भयपट हा विषय व्याख्यानमालेत कशाला, असा प्रश्न काहींनी संयोजकांना केला असे कळले. माझे उत्तर सरळ आहे. भंडाऱ्यात काय, साकोलीत काय नि लाखांदुरात काय, रात्रीची जेवणे आटोपली की ओटीटी सुरू होते आणि पोरांचा हात आधी भयपटाकडे जातो. तिथे माल ढिगाने पडलेला आहे. त्यातले काय घ्यावे हे मोठ्यांनी सांगायचे नाही, तर कोणी सांगायचे?

सुरुवात 'तुंबाड'पासून करतो, कारण त्याचे बी आपल्याकडे पडले आहे. १९९३ साली राही अनिल बर्वे हा शाळकरी वयाचा मुलगा नागझिऱ्याच्या जंगलात आला होता. तिथे एका मित्राने त्याला नारायण धारपांची कथा सांगितली आणि त्याची गाळण उडाली. गोंदिया जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ ला. म्हणजे ती गोष्ट सांगितली गेली तेव्हा नागझिरा आपल्या भंडारा जिल्ह्यात होता. मुलाने कथा वाचली नव्हती, ऐकली होती. रात्र, जंगल आणि सांगणारा माणूस, एवढ्यावर ती त्याच्या मनात जी बसली ती उठलीच नाही. १९९७ मध्ये त्याने पहिला खर्डा लिहिला. २०१२ मध्ये चित्रीकरण झाले, ते मनासारखे उतरले नाही, म्हणून २०१५ मध्ये पुन्हा केले. १२ ऑक्टोबर २०१८ ला चित्रपट लागला, त्याआधी व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्याने झाली होती. आपल्याकडे तेव्हा तो बेताचाच चालला. २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लावला, तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. चांगल्या गोष्टीला प्रेक्षक उशिरा का होईना भेटतो, याचा मला मनापासून आनंद आहे.

त्यातला एक प्रसंग नीट पाहा. चित्रपटाचा नायक विनायक कणकेची बाहुली घेऊन विहिरीतून खाली उतरतो. भोवती पिठाचे रिंगण आखतो. हस्तर नावाचा तो शापित देव जन्माचा उपाशी. सोने त्याच्यापाशी अमाप, पण धान्याचा कण मिळू नये असा त्याला शाप. तो बाहुलीवर तुटून पडतो आणि तेवढ्या वेळात विनायक त्याच्या लंगोटीतून मोहरा ओढून घेतो. आता मला सांगा, यात राक्षस कोण? ज्याला भूक आहे तो, की ज्याचे पोट भरलेले असूनही जो पुन्हा पुन्हा खाली उतरतो तो? पुढे विनायक आपल्या मुलाला हीच विद्या शिकवतो. हस्तरला पाहून मी दचकलो, पण घाबरलो ते बापाला पाहून. आणखी एक पाहा: साखळदंडाने बांधलेली एक भयंकर म्हातारी आणि विनायकाचा मुलगा पांडुरंग, दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच मुलाने केल्या आहेत. हे माहीत असताना दुसऱ्यांदा बघा, अंगावर काटा येतो. चित्रपट प्राइम व्हिडिओवर आहे.

यावरून मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली आहे. गोष्टीतून भूत वजा करा. मागे काही भयंकर उरते का? उरत असेल तर बघा. नुसता दरवाज्याचा करकराट उरत असेल तर झोपा.

विशाल फुरिया यांचा मराठी 'लपाछपी' २०१७ चा. पोटुशी बाई शहरातून येते आणि उसाच्या फडाच्या मधोमध असलेल्या घरात राहते. चारी बाजूंनी माणसापेक्षा उंच ऊस आणि सोबतीला गोड बोलणारी तुळसाबाई. उषा नाईक यांनी ती अशी उभी केली आहे की तिच्या मायेचीच धास्ती वाटू लागते. यातून भूत काढा, मुलीचा जीव जन्माआधीच घेणारे घर तसेच उरते. फुरियांनीच त्याचा हिंदीत 'छोरी' केला, तोही प्राइमवर आहे. पण दोन्हींत मी मराठीच सुचवेन. त्यातली नायिका पूजा सावंत त्या फडात वाट चुकते, तेव्हा आपणही चुकतो.

परदेशातला एकच सांगतो: नेटफ्लिक्सवरचा 'हिज हाउस', २०२० चा. दक्षिण सुदानमधून जीव वाचवून आलेल्या जोडप्याला इंग्लंडमध्ये सरकारी घर मिळते आणि भिंतीमागे कोणीतरी असते. वाटेत त्यांनी काय केले हे कळते, तेव्हा भिंतीकडे बघायची हिंमत होत नाही. आपल्याच दक्षिणेकडचा 'भ्रमयुगम' सोनी लिव्हवर आहे, संपूर्ण कृष्णधवल. मामूटींसाठी तरी पाहाच.

आता एका गंभीर आक्षेपाकडे येतो. असे चित्रपट अंधश्रद्धेला खतपाणी घालतात, असे चळवळीतले मित्र म्हणतात. पूर्व विदर्भात जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना मारहाण झालेली आहे, डॉ. दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी संशय गेला नाही. म्हणून ज्या चित्रपटात एखाद्या बाईला चेटकीण ठरवून मारतात आणि दिग्दर्शक टाळ्या मागतो, तो मी कोणालाच सुचवत नाही, मग तो कितीही भीतिदायक असो. पण या आक्षेपाला माझे उत्तर म्हणजे १९८० चा 'गहराई'. अरुणा राजे आणि विकास देसाई यांचे दिग्दर्शन, लेखनात विजय तेंडुलकर, आणि बापाच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, जे देवालाच निवृत्त करा म्हणत असत. बाप गावाकडची जमीन विकतो आणि त्याची लेक भलत्याच आवाजात बोलू लागते. बोलते ते मात्र बापाने दडवलेले. मांत्रिक येतात, पोरीचे हाल करतात. लागूंसारख्या विवेकवाद्याने हा चित्रपट केला तो उगाच नव्हे. तो पाहून कोणी बुवाकडे धावेल असे मला वाटत नाही.

लहान मुले सोबत असतील तर 'मुंज्या' लावा. हसतील आणि थोडी घाबरतीलही. बाकीचे मात्र मुले झोपल्यावर, दिवा बंद करून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, एका बैठकीत पाहा. दिवाळीनंतर मंडईच्या रात्री झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत बघणाऱ्यांना हे मी काय शिकवणार! 'तुंबाड' तर दोन तासांचाही नाही.

जाता जाता या सभागृहातल्या तरुणांशी दोन शब्द. नागझिऱ्यात ऐकलेली गोष्ट पडद्यावर आली ती कोकणातल्या गावाचे नाव घेऊन. ते योग्यच झाले, पाऊस आणि वाडा तिकडचाच हवा होता. पण आपल्याकडे काय कमी आहे? पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण झाले. १९८८ मध्ये पायाभरणी झाली आणि नंतर गावेच्या गावे उठली. घरे, शेते, देवळे मागे राहिली. ज्यांनी ती सोडली ती माणसे आज पुनर्वसनाच्या वसाहतींत आहेत, बोलायला तयार आहेत. माझ्या कसोटीवर ही गोष्ट भुताशिवायही उतरते. तुमच्या हातात कॅमेरा असलेला फोन आहे. या उन्हाळ्यात त्या वसाहतीत जाऊन एखाद्या आजोबांजवळ रात्री बसा आणि पाणी चढू लागले तेव्हा काय झाले ते विचारा. पटकथा लिहून झाली की मला दाखवा. वाचायला मी तयार आहे.