आशाताईंचा प्रश्न



२१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन आणि १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. या दोन तारखांच्या मधल्या काळात आपल्या गोंदिया जिल्ह्यात हलका धान निसवलेला असतो, भारी धानाची राखण चालू असते आणि घरातली धडधाकट माणसं दिवसभर बांधीवर असतात. आज मला घरी मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाविषयी बोलायचं आहे, आणि त्याचं सगळं करणाऱ्या बाईविषयीही.

आजी जेवून उठतात आणि घटकाभरानं "मला कोणी जेवायला दिलं नाही" म्हणतात. ज्या बांधीत आयुष्यभर रोवणी केली, तिथून परतताना आजोबा वाट चुकतात. आजी लुगडं नेसायला घेतात आणि पुढे काय करायचं ते सुचत नाही. कधी मध्यरात्री दार उघडून "माहेरी जायचं आहे" म्हणतात. घरचे म्हणतात, वय झालं. कोणी म्हणतं, बाहेरचं लागलं. खरं तर हा मेंदूचा आजार आहे, स्मृतिभ्रंश, आणि तो म्हातारपणी प्रत्येकाला होतोच असं नाही. अशीच लक्षणं कधी कधी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड किंवा खोल उदासी यांमुळेही दिसतात, आणि त्यांवर इलाज आहे. "वय झालं" म्हणून घरी बसवलेल्या माणसांत अशी बरी होऊ शकणारी माणसंही असतात, याचं मला फार वाईट वाटतं.

देशपातळीवरच्या एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या शंभर माणसांत सातपेक्षा थोड्या जास्त जणांना, म्हणजे भारतात सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १३ लाख २२ हजार होती. शंभरात दहा माणसं साठीपुढची धरली, तर जिल्ह्यात नऊ हजारांहून अधिक घरांत हा आजार असणार. हा माझा ढोबळ हिशेब आहे, पण तालुक्या-तालुक्यात वाटून पाहिला तरी आकडा लहान होत नाही.

ही घरं शोधायची एक वाट गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंकडे आहे. त्या तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक तपासणी अर्ज भरतात. त्यात ज्येष्ठांसाठी एक प्रश्न असतो: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरायला होतं का? या प्रश्नाला मी फार मोल देतो. सालेकसा, देवरीच्या जंगलपट्टीतल्या टोल्यावर डॉक्टर सहजी पोहोचत नाही, आशाताई मात्र पोहोचते. पण उत्तर "हो" आलं, तर पुढे काय? रकान्यात खूण करून ती पुढच्या घरी जाणार असेल, तर त्या प्रश्नाचा उपयोग अर्धाच झाला.

पुढे काय करता येतं, ते गोव्यानं दाखवून दिलं आहे. 'संगाथ' या संस्थेशी जोडलेल्या डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ साली छापून आले. घरोघरी जाणारे सल्लागार डॉक्टर किंवा नर्स नव्हते. कोकणी बोलणारी, लिहिता-वाचता येणारी, मनापासून काम करू इच्छिणारी माणसं निवडून त्यांना आठवडाभर प्रशिक्षण दिलं. पंधरवड्यातून किमान एकदा, सहा महिने, त्यांनी घरी जाऊन आजार समजावून सांगितला. अंघोळ-जेवण कसं सोपं करायचं, चिडचिड झाली तर काय करायचं, सरकारी योजना कोणत्या, हे सांगितलं. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झालेला दिसला. आजार बरा करणारं औषध आजही नाही, म्हणून हा आधार मोठा आहे.

आणखी जवळचं उदाहरण अमरावती जिल्ह्याचं आहे. तिथल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पात गावातलेच आरोग्य कार्यकर्ते आणि प्रशिक्षित समुपदेशक नैराश्यावर काम करत होते. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतली चारच माणसं मदत घेत होती. प्रकल्पानंतर सत्तावीस जण घेऊ लागले. आपल्यासारखंच शेतीचं, कर्जाचं दुःख असलेल्या विदर्भातल्या गावांत हे घडलं.

मग आपल्याकडे का घडू नये? गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, गावोगावी बचत गट आहेत. रोवण्याच्या आणि कापणीच्या दिवसांत गटातल्या बायकांनी पाळी लावून अशा घरी दोन तास बसायचं ठरवलं, तरी त्या घरची सून निर्धास्त मनानं बांधीवर जाईल. आपल्याकडे गावागावाला तलाव आणि बोडी आहे. वाट चुकलेल्या माणसाला पहिला धोका पाण्याचा. म्हणून कोण चुकू शकतं, हे पोलीस पाटील, कोतवाल आणि बोडीकाठी गुरं चारणारी पोरं यांना माहीत हवं. आजोबांच्या सदऱ्याच्या आत नाव, गाव आणि मुलाचा फोन नंबर शिवून ठेवा. लाज वाटून घरच्यांनी आजार लपवला, तर शोधायला जाणाऱ्यांना तो उशिरा कळतो.

दिवाळीनंतर मंडई भरते, झाडीपट्टीची नाटकं लागतात. अशा आजी-आजोबांना तिथे घेऊन जा. नातवाचं नाव आठवत नसलेल्या माणसाला पंचवीस वर्षांपूर्वीच्या नाटकातलं गाणं सुरासकट येऊ शकतं, कारण गाण्याची आठवण बऱ्याचदा शेवटपर्यंत टिकते. रात्रभर बसवू नका, गर्दीनं ती घाबरतात. तास-दीड तास पुरे.

आता त्या सुनेविषयी. तोच प्रश्न दिवसातून पन्नासदा ऐकून ती एकदा ओरडते आणि मग रात्री रडत बसते. शेजारीण म्हणते, सासूला नीट पाहत नाही. तिला दोष देण्याआधी तिची किती रात्रींची झोप झालेली नाही, हे विचारा. आशाताईंच्या त्याच अर्जात तिच्यासाठीही दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला आहे का? मन उदास, हताश असतं का? आशाताईंनो, सासूचा अर्ज भरताना सुनेला बाजूला घेऊन हेही विचारा, आणि घरचे ऐकत असतील तर पुन्हा या.

फोनवर बोलायचं असेल तर 'टेलि-मानस'चा क्रमांक लिहून घ्या: १४४१६. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आजारी माणसासाठी फोन करा आणि सांभाळणाऱ्या बाईनं स्वतःसाठीही करावा. पुढच्या ग्रामसभेत एक विषय मांडा: आपल्या गावात अशी घरं किती, आणि कापणीच्या दिवसांत त्यांच्याकडे कोण बसणार?