एक दार, तीन दावेदार

तळहातावर मावेल एवढा रास्पबेरी पाय नावाचा संगणक आता पुष्कळ घरांत आणि शाळांत आला आहे. त्यावर लिनक्स चालते. समजा, उपग्रहांच्या आधारे आपले ठिकाण सांगणारे जीपीएस यंत्र तुम्ही त्याला जोडलेत. तारा लावल्या, वीज दिली. पण पडद्यावर एक तर काहीच उमटत नाही, नाही तर नुसती अगम्य चिन्हे उमटतात. मग माणूस म्हणतो, ‘यंत्रच बिघडलेलं दिसतंय!’ आणि चांगली वस्तू अडगळीत जाते. पण जरा थांबा. पुष्कळदा यंत्र धडधाकट असते. भांडण असते ते दाराचे.

हे दार म्हणजे सीरियल पोर्ट. त्यातून माहितीचे कण एकामागून एक, ठरल्या वेगाने ये-जा करतात. पायवरच्या 40 पिनांपैकी 8 क्रमांकाची पिन बोलते, 10 क्रमांकाची ऐकते.

पहिला दावेदार खुद्द लिनक्स. सुरू होताना आपली हकिगत तो याच दाराने सांगू शकतो, आणि मग ‘कोण आहे?’ म्हणून लॉगिनसाठी तिथेच बसतो. जीपीएसने धाडलेली अक्षरे मग तोच गिळतो.

दुसरा दावेदार ब्लूटूथ. 2012 च्या पहिल्या पायमध्ये ते नव्हते. 2016 साली पाय 3 मध्ये ते आले आणि चांगले सीरियल यंत्र त्याच्याकडे गेले. पिनांच्या वाट्याला आले धाकटे, मिनी युआर्ट. पाय 4 मध्येही तीच वाटणी आहे. पाय 5 ची मांडणी मात्र निराळी. या धाकट्याचा वेग मुख्य चिपच्या घड्याळाला बांधलेला असतो. घड्याळ कमी-जास्त झाले, की कीर्तनात ठेका बदलावा आणि टाळकऱ्यांना पत्ता नसावा, तशी गत होते.

तिसरा दावेदार म्हणजे तुमचाच दुसरा एखादा प्रोग्रॅम. दोघे एकदम वाचू लागले, की अर्धी अक्षरे याला, अर्धी त्याला!

आता उपाय क्रमाने करू. आधी वीज काढून तारा बघा. एकाची बोलती तार दुसऱ्याच्या ऐकत्या पिनेला हवी, आणि दोघांची ग्राउंड एक हवी. पायच्या पिना 3.3 व्होल्टच्या आहेत; 5 व्होल्टचा संदेश थेट दिलात, तर संगणकाला कायमची इजा होऊ शकते.

मग रास्पी-कॉन्फिग उघडा. सीरियलवर लॉगिन हवे का, याला ‘नाही’ म्हणा. सीरियल हार्डवेअर चालू हवे का, याला ‘होय’. संगणक पुन्हा सुरू करा. या ‘होय’मुळे पाय 3 वर घड्याळही एका वेगावर स्थिर राहते.

तरीही गोंधळ असेल, तर वेग जुळतो का ते पाहा. पुष्कळ जीपीएस यंत्रे 9600 ने बोलतात. प्रोग्रॅममध्ये ‘सीरियल-झीरो’ हेच नाव द्या; पिनांकडे कोणतेही यंत्र असो, ते नाव तिकडेच नेते. ब्लूटूथ नको असेल, तर कॉन्फिग फाइलीत ते बंद करा. थोरले यंत्र पिनांकडे परत येते.

एका वेळी एकच बदल करा आणि दर वेळी तपासा. सगळे एकदम बदललेत, तर कशाने गुण आला ते कळायचे नाही.

दाराशी कोण बसलाय ते आधी विचारा. यंत्राला दोष द्यायचा तो नंतर.